ट्रीसचा शिवलेला खिसा

कुठलाही नवा कोट घरात आला की मी पहिल्याच दिवशी त्याचा उजवा खिसा शिवून टाकतो. माझी बायको मार्जरी म्हणायची, "जगात लोक फाटके खिसे शिवतात, आमच्या घरात धडके खिसे बंद करतात. देवा, कुणाच्या पदरात टाकलंस मला!" ती जाऊन नऊ वर्षं झाली. तिला मी कारण सांगितलं नाही. विचारायची तेव्हा मी उखडायचो आणि मग ती गप्प बसायची. आता माझी ऐंशी उलटली, उखडायला समोर कुणी नाही, म्हणून सांगतो.

शाळेचं नाव मात्र सांगणार नाही. ती अजून चालू आहे आणि दर वर्षी जुन्या विद्यार्थ्यांच्या जेवणाचं आमंत्रण धाडते. खाली ठळक अक्षरांत, 'शाळेचा टाय आवश्यक'. डोंबल तुमचा टाय! ते आमंत्रण मी थेट शेगडीत टाकतो.

आमच्या त्या इंग्लंडमधल्या नॉरफकच्या किनाऱ्यावर वारा सरळ समुद्रावरून यायचा, आणि आम्ही जानेवारीतही अर्ध्या चड्डीत. करडी लोकरी चड्डी. तिची कड गुडघ्याच्या वर घासून घासून तिथली कातडी लाल व्हायची. गळ्याला खळ घातलेली कॉलर; मान वळवली की कापायची. गडद हिरवा कोट, त्याला तीन गुंड्या. पहिल्या वर्षाच्या पोरानं तिन्ही लावायच्या, दुसऱ्या वर्षाच्यानं खालची उघडी ठेवायची, तिसऱ्याच्यानं खालच्या दोन. पोराची अक्कल, वय, लायकी, सगळं त्या गुंड्यांवरून कळायचं. चुकून दुसरी गुंडी उघडी राहिली तर मोठी पोरं बडवायची, आणि आम्हीही मोठे झालो की तेच करायचो.

आणि खिसे. पहिल्या वर्षाच्या पोरांचे खिसे शिवलेले असत, कोटाचे आणि चड्डीचेही. आमच्या वसतिगृहाचे हाऊसमास्तर ऑर्मरॉड म्हणायचे, "खिशात हात घालून उभं राहणारं पोरगं पुढे जन्मभर टेकायला भिंत शोधतं." त्यांचे स्वतःचे हात कायम खिशात. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आम्ही शिवणखोलीसमोर रांग लावायचो आणि मिस गॅदरकोल कात्रीनं कचाकच टाके तोडायच्या. खिशात हात घातला की वाटायचं, आता आपण माणसांत आलो.

मिस गॅदरकोल म्हणजे आमच्या शिवणखोलीच्या बाई. मला त्या तेव्हा म्हाताऱ्या वाटत, आणि असतील अठ्ठावीसच्या. जवळच्याच गावातल्या कोळ्याची मुलगी. आवाज चढा, बोलणं तिखट, नाकावर माशी बसू देत नसत. "ये, ये राजपुत्रा! काल दिलेली गुंडी कुठं गेली? कोंबडी आहेस का रे, टिपतोस की काय?" असं त्यांचं स्वागत. एकशेचाळीस पोरांचे कपडे त्या एकट्या सांभाळायच्या आणि कपड्यावरून पोर ओळखायच्या. नवी पोरं आली की पहिल्या महिन्यात त्यांच्या डाव्या बाहीचं टोक कडक होई, नाक आणि डोळे पुसून पुसून. बाई कुणाला त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. धुलाईच्या दिवसाची वाट न बघता तेवढंच टोक ओलं करून पुसत आणि कोट पोराच्या अंगावर परत चढवत. "चल, पळ. वाळेल अंगावर." माझी बाहीसुद्धा त्यांनी अशीच पुसली होती.

एकावन्न सालच्या सप्टेंबरात ऑल्बन ट्रीस आला. शाळेत नावाच्या पहिल्या भागाला कुणी विचारत नसे, तेव्हा तो ट्रीस आणि मी हॅलम. आमच्याकडे रीत अशी होती की दर नव्या पोराला दुसऱ्या वर्षातलं एक पोर 'पालक' म्हणून द्यायचं. त्यानं नव्याला सगळे नियम शिकवायचे, आणि नव्याचं चुकलं तर फटके पालकानं खायचे. मी ट्रीसचा पालक. मी बाराचा, तो दहाचा. पालक कसला, कपाळ!

ट्रीसला मधुमेह होता. रोज सकाळी आजारी पोरांना बघणारी मेट्रन त्याला सुई टोचायची, आणि सोमवारी कागदाच्या पुडीत साखरेचे सहा चौकोनी खडे द्यायची. अंगातली साखर उतरून हात थरथरायला लागले, घाम सुटला, तर लगेच दोन खडे तोंडात टाकायचे. त्याच्या आईनं पत्र लिहून परवानगी घेतली होती की एकट्या ट्रीसच्या कोटाचा उजवा खिसा उघडा राहील. मेट्रननं शिवणखोलीत तसं कळवलं आणि बाईंनी तो खिसा सोडून बाकी सगळे शिवले.

झालं! पहिल्या वर्षाच्या पोराला उघडा खिसा म्हणजे आमच्या शाळेत भर चौकात मुकुट घालून फिरण्यासारखं. "महाराजांचा विजय असो! महाराज, हात घाला ना खिशात!" पहिल्या आठवड्यात त्यात चिखल गेला. मग सकाळची ओटची पेज, पळी-दोन पळी. मग मेलेला खेकडा. त्याचा वास तीन दिवस गेला नाही. ट्रीस हसण्यावारी न्यायचा. पण त्याच्या डाव्या बाहीचं टोक नोव्हेंबर उजाडला तरी कडकच होतं.

एका दुपारी तो मला म्हणाला, "हॅलम, माझ्याबरोबर शिवणखोलीत येशील? दाराशी उभा राहा नुसता."

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत तो म्हणाला, "मिस, हाही खिसा शिवून टाका ना. सगळ्यांसारखा."

"आणि साखर रे?"

"मोज्यात ठेवीन. गार्टरच्या पट्ट्याआड."

"मोज्यात साखर राहते होय? तुझ्या आईनं लिहून दिलंय बाबा."

"मिस, प्लीज. सगळ्यांसारखा."

 दाराच्या फटीतून मला बाई सुईत दोरा ओवताना दिसल्या. "मेट्रनला बोलू नकोस," त्या म्हणाल्या, "नाहीतर दोघांची हजामत होईल. आण इकडे कोट."

बाहेर आल्यावर ट्रीसनं साखरेची पुडी माझ्या हातात ठेवली. "मोज्यात विरघळते," तो म्हणाला. "तुझे खिसे उघडे आहेत. तू सांभाळ. मी मागेन तेव्हा दे." त्याचा चेहरा इतका खुलला होता की मी पुडी माझ्या उजव्या खिशात टाकली आणि हो म्हटलं. बाईंना हे कधी कळलं नाही. त्यांच्या लेखी साखर मोज्यात होती.

आजच्या पोरांना सांगून पटणार नाही, पण तेव्हा गोड म्हणजे काय चीज होती! लढाई संपून सहा वर्षं झाली तरी साखर कूपनावर. गोळ्याही कूपनावर. आणि माझ्या खिशात पांढरेशुभ्र सहा खडे, चालताना एकमेकांवर वाजणारे. पहिला मी नुसता चाटून परत ठेवला. दुसऱ्या आठवड्यात एक खाल्ला. ट्रीसला क्वचितच लागायची, आणि सोमवारी मेट्रन उरलेल्यांत भर घालून सहा करून द्यायची. तिला वाटे ट्रीसनं खाल्ले, आणि ट्रीस पुडी उघडून मोजत नसे. मग रोज एक खायला लागलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला तेव्हा काही खवखवलं नाही. मस्त लागायचे. हेही सांगूनच टाकतो.

डिसेंबरातल्या एका आठवड्यातला शेवटचा खडा मी शनिवारी प्रार्थनेच्या वेळी खाल्ला. म्हटलं, परवा सोमवार.

रविवारी दुपारी सगळ्यांनी जोडीजोडीनं फिरायला जायचं, पूर्ण गणवेशात, दलदलीच्या बांधावरून समुद्राचं पाणी अडवणाऱ्या पाणदरवाजापर्यंत आणि परत. चहाच्या हजेरीला जो नसेल त्याला ऑर्मरॉडांची छडी. माझी जोडी अर्थात ट्रीस. परतीच्या वाटेवर तो मागे पडायला लागला. मी ओरडलो, "ए, पाय उचल की! तुझ्यापायी मी मार खाऊ काय?" तो थांबला. चेहरा घामानं डबडबलेला, आणि वारा असा की माझे दात वाजत होते. त्यानं हात पुढे केला. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली. लोकरी हातमोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं.

मी खिसा उलटा करून दाखवला. कोपऱ्यात चिमटीभर चुरा होता, तोही वाऱ्यानं उडाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. म्हणाला, "असू दे, हॅलम. सॉरी." त्यानं मला सॉरी म्हटलं! मग तो बांधावर बसला. "तू हो पुढे. मी येतो."

आणि मी झालो पुढे. धावत गेलो. हजेरीला वेळेवर पोचलो. ट्रीसचं नाव आलं तेव्हा म्हणालो, "येतोय सर, मागेच आहे." अंधारून आल्यावर कंदील घेऊन माणसं गेली. तो बांधाखालच्या चरात सापडला. शुद्धीवर आला नाही. मंगळवारी गेला. मुख्याध्यापकांनी सभेत सांगितलं की त्याचं हृदय कमकुवत होतं. आम्ही उभं राहून एक स्तोत्र म्हटलं आणि गणिताच्या तासाला गेलो.

गुरुवारी त्याची आई सामान न्यायला आली. ट्रंक उतरवायला पालक म्हणून मलाच पाठवलं. बारीक चणीची बाई, गावातल्या डाकघरात काम करणारी. पोराला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्या शाळेत घातलेला. शिवणखोलीच्या टेबलावर बाईंनी सगळे कपडे घडी घालून ठेवले होते. आईनं कोट उचलला आणि तिचा हात सवयीनं उजव्या खिशाकडे गेला. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं, दोन-तीनदा.

"हा उघडा असायला हवा होता," ती म्हणाली.

"मी शिवला," मिस गॅदरकोल म्हणाल्या. "मी माझ्या हातानं शिवला."

ना कारण सांगितलं, ना त्यानंच मागितलं होतं असं सांगितलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, कोट ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. मी ट्रंकेचा पट्टा धरून दारात उभा होतो. माझ्याजवळ एक वाक्य होतं: साखर माझ्याकडे होती. ते मी बोललो नाही. मूग गिळून बसलो, पट्टा ओढला आणि ट्रंक जिन्यावरून खाली नेली.

जानेवारीत सात नवी पोरं आली. त्यांचे कोट शिवणखोलीतून परत आले ते सगळे खिसे उघडे. ऑर्मरॉड तरातरा खाली गेले. "मिस गॅदरकोल, खिसे राहिलेत!"

"मला बारीक टाके दिसत नाहीत सर हल्ली."

"दिसत नाहीत?"

"डोळे गेले. दुसरी बाई बघा वाटल्यास."

दुसरी बाई त्या पगारात कोण येणार होती? फेब्रुवारीत राजा वारला. आम्हा सगळ्यांच्या बाहीवर काळी पट्टी लावायचा हुकूम निघाला, आणि बाईंनी एका दिवसात एकशेचाळीस पट्ट्या अशा बारीक टाक्यांनी लावल्या की दोरा शोधून सापडेना. शिवताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. ऑर्मरॉड म्हणाले, "बाई राजनिष्ठ आहेत हो." ट्रीससाठी कुणाच्या बाहीवर पट्टी लागली नव्हती. खिशांचा विषय मास्तरांनी पुन्हा काढला नाही, आणि ती रीत तिथेच मोडली. पुढच्या पोरांना वाटे, शाळा सुधारली.

मला खरं ठाऊक होतं. ती बाई माझा गुन्हा स्वतःच्या नावावर लावून बसली होती आणि मी तिला बसू देत होतो.

तेव्हापासून हे सुरू झालं. कोटाच्या उजव्या खिशात हात घातला की तळाशी काहीतरी लागायचं. दुसरा हात. लहान, गार, वर वळलेला. बाहेर काढून बघावं तर काही नाही. सैन्यात दोन वर्षं काढली, तिथल्या गणवेशातही तो होता. पुढे पाटबंधाऱ्याच्या खात्यात नोकरी केली, त्याच किनाऱ्यावरचे बांध तपासत हिंडलो, तिथेही होता. लग्नाच्या दिवशी अंगठी काढायला खिशात हात घातला आणि मी इतका दचकलो की पाद्री थांबला. वेडा झालोय म्हणाल तर म्हणा. खिसे शिवायला लागलो ते त्यानंतर. शाळा सुटायच्या वेळी बसथांब्यावर पोरं उभी असली तर मी रस्ता ओलांडतो. त्यांतलं एक पोर तिन्ही गुंड्या लावून उभं असतं.

बाईंना मी दर नाताळला कार्ड पाठवत असे. चाळीस कार्डं. प्रत्येक वेळी वाटायचं, आत लिहावं. आणि प्रत्येक वेळी लिहायचो, 'प्रकृती जपा, आपला हॅलम.' त्यांचं उत्तर यायचं. एक्याण्णवच्या नाताळात त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'आता डोळे खरोखरच गेले. पुढल्या वर्षी लिहिता येईलसं वाटत नाही.' ते कार्ड मी दहा महिने टेबलावर ठेवलं. मग ऑक्टोबरात एका सकाळी मार्जरीला बांध बघायला जातो असं खोटं सांगून गाडी काढली.

बाई चर्चमागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. आवाजावरून ओळखलं मला. "हॅलम! ये, ये राजपुत्रा. जवळ ये, बघू दे." त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अरे, केस कुठं गेले सगळे?" त्या किटली ठेवायला उठल्या. मी म्हटलं, "नको मिस. आधी बोलतो. नाहीतर पुन्हा राहील."

त्या बसल्या.

"ट्रीसच्या मोज्यात साखर नव्हती," मी म्हणालो. "कधीच नव्हती. ती माझ्या खिशात असायची. त्यानं सांभाळायला दिली होती. मी खाल्ली."

त्यांचा चेहरा हलला नाही. "किती?"

"सगळी. रोज एकेक. शेवटचा खडा शनिवारी."

"त्यानं मागितली होती? त्या दिवशी?"

"हात पुढे केला होता."

"म्हणजे साखर असती, तर त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असती."

"हो, मिस."

"खिसा शिवलेला असूनसुद्धा वाचला असता तो."

"वाचला असता. तुमच्या टाक्यांनी नाही गेला तो. माझ्यामुळे गेला."

आता त्या काय म्हणतील ते मी मनात एकेचाळीस वर्षं ठरवून ठेवलं होतं. म्हणतील, अरे, बारा वर्षांचं पोर होतास तू. ते ऐकायला मी साठ मैल आलो होतो. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

"शाळेचं मैदान सांभाळणारा डॅक आठवतो?" त्या म्हणाल्या.

"आठवतो."

"त्यानं मला त्रेपन्न साली लग्नाचं विचारलं होतं. पंचावन्न साली पुन्हा विचारलं. भला माणूस. त्याला घर भरून पोरं हवी होती. मी म्हटलं, मला पोरांचा वीट आलाय. खोटं होतं ते. मला भीती वाटायची रे. दुसऱ्याचं पोर माझ्या हातात दिलं होतं, तर त्याचं मी काय केलं? माझ्या हातात कुणी पोर देऊ नये, असं मी ठरवून टाकलं. गेल्या वर्षी डॅक गेला. मातीला त्याची नातवंडं आली होती, पाच."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"त्याची आई आली त्या दिवशी तू दारात होतास. एक वाक्य बोलायचं होतं."

"हो."

"बरं, तेव्हा लहान होतास. विशीत काय झालं होतं? तिशीत?"

"मिस, मला माफ..."

"थांब." त्या भिंतीला हात लावत उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं. आवाज जुनाच, तिखट. "एकेचाळीस वर्षं मी स्वतःवर चिडत आलेय, हॅलम. आज मला तुझ्यावर चिडायचंय. पोटभर. तू असा समोर बसून राहिलास तर मला तुझी कीव येईल. तेव्हा जा."

मी टोपी उचलली आणि गेलो.